मिल्कव्हेच, हुआंगछी आणि कतीरा डिंक: खान्देशात लागवड जमेल का?

तापीकाठ (रावेर)

नमस्कार मंडळी,

आमच्या भागातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक जाहिरात फिरतेय. मिल्कव्हेच नावाची औषधी मुळी, एकरी लाखोंचं उत्पन्न, बियाणं आम्ही देऊ, माल बांधावरून आम्हीच उचलू. सीएमव्ही या विषाणूजन्य रोगापायी केळीची बाग उपटून टाकलेल्या माणसाला असलं काही वाचलं की मोह होतोच. आमच्या चुलतभावाला झालाय. त्यानं पैसे भरायच्या आत मी जे वाचून काढलं ते इथे मांडतो. शेतीतले, रानातले, औषधातले लोक इथे आहेत, त्यांनी भर घालावी.

मुळात मिल्कव्हेच हे एका झाडाचं नाव नाही. अ‍ॅस्ट्रॅगॅलस ही हरभरा-तुरीच्या कुळातली प्रजाती आणि तिच्या पोटात 3000 च्या वर जाती. फुलझाडांमध्ये एवढा गोतावळा क्वचितच कुणाचा असेल. इराण, तुर्कस्तान, मध्य आशिया, मंगोलिया, उत्तर चीन, अमेरिकेचा पश्चिम भाग हा त्यांचा मुलूख. आपल्या देशात काश्मीर, लडाख, हिमाचलच्या उंचीवर. पानाच्या दांड्याच्या दोन्ही अंगांना बारीक पर्णिका आणि बहुधा टोकाला एक सुटी, वाटाण्याच्या धाटणीचं फूल, मग शेंग, मुळांवर नत्राच्या गाठी, एवढं बहुतेकींत सारखं. बाकी कोणी वीतभर काटेरी गेंद, कोणी कमरेपर्यंत वाढणारं रोप, कोणी जमिनीलगत पसरणारं.

जाहिरातीत आहे ती हुआंगछी, म्हणजे चिनी औषधातली मुळी. उंची साधारण दोन ते तीन फूट, कधी त्याहून जास्त, फुलं फिकट पिवळी, सोटमूळ सरळ खोल जाणारं, कापलं की आत पिवळसर. हिवाळ्यात वरचा भाग वाळून जातो आणि वसंतात मुळातून पुन्हा फुटतो. शेतात लावली तर 2-3 वर्षांनी मुळं काढतात, रानासारखी मोकळी वाढू दिली तर 5-6 वर्षं किंवा त्याहूनही जास्त थांबतात. चीनमध्ये ही इनर मंगोलिया, गान्सू, शान्शी भागात होते, जिथं हिवाळ्यात जमीन गोठते. हे वाचलं तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

याच प्रजातीतल्या इराण-तुर्कस्तानच्या काटेरी झुडपांपासून ट्रॅगाकँथ डिंक मिळतो. बुंध्याजवळची माती सारून सोटमुळाला चिरा देतात, त्यातून डिंक पट्ट्यांसारखा बाहेर येतो आणि हवेत वाळतो. आपण उन्हाळ्यात भिजवतो तो कतीरा हाच, असं जिकडेतिकडे लिहिलंय. तिसरी एक जात चीन-जपानमध्ये भातखाचरात हिरवळीच्या खतासाठी पेरतात.

माझे प्रश्न सरळ आहेत. आपल्याकडे कोणी हुआंगछी लावून पाहिलीय का? भारी काळ्या जमिनीत आणि मे महिन्याच्या 45 अंशांत ती टिकेल का? आणि दाणा बाजारातून आपण आणतो तो कतीरा खरंच इराणी झुडपाचा असतो का?

---

गिरणामाई (चाळीसगाव)

वाचतेय. कतीऱ्याशिवाय आमचा उन्हाळा जात नाही. रात्री दोन खडे भिजत घातले की सकाळी वाडगाभर जेली. सब्जा, खडीसाखर, थोडं गुलाबपाणी आणि थंड दूध, मुलं शाळेतून आली की हेच मागतात.

एक शंका इथेच विचारून घेते. हिवाळ्यात सासूबाई डिंकाचे लाडू करतात, तेव्हा दुकानदार "हाच डिंक" म्हणून कतीरा देतो. तो तुपात काही केल्या फुलत नाही. डिंक जुना असतो की तूप कमी तापतं?

---

पांझरा (धुळे)

राम राम भाऊ. 'माल आम्हीच उचलू' हाई वाक्य मी पहिले बी ऐकेल शे. त्या टाईमले सफेद मुसळी व्हती.

(शुद्ध मराठीत लिहितो, नाहीतर कसाऱ्याच्या खाली कोणाला समजायचं नाही.)

2000 नंतरची ती लाट आठवत असेल. एका कंपनीनं आमच्या गावात सभा घेतली, पुरणपोळीचं जेवण दिलं आणि मुसळीचे कंद किलोच्या अशा भावानं विकले की सोनार लाजावा. आमच्या वडिलांनी घेतले. पीक आलं, चांगलं आलं. कंद सोलून, वाळवून, पोत्यात भरून ठेवले आणि उचलणाऱ्यांचा फोन बंद. शेवटी एका व्यापाऱ्यानं पडेल भावात नेले.

मुसळी तरी आपल्या सातपुड्यातली. ती उगवली, आम्हाला करता आली, बाजारात तिला नावानं ओळखणारा माणूस तरी होता. ही चिनी मुळी तुम्ही पिकवली आणि उचलणारा आला नाही तर दाखवाल कोणाला? रावेरच्या अडत्याला? ज्याचा नफा बियाणं विकण्यात आहे त्याला तुमच्या पिकाशी देणंघेणं नसतं. चुलतभावाला एवढंच विचारायला सांगा: मागच्या वर्षी तुम्ही कोणाचा माल उचलला, त्या शेतकऱ्याचं गाव सांगा, आम्ही गाडी काढून जाऊन येतो.

---

सातपुडी (धडगाव)

कतीऱ्याबद्दल मी बोलू शकतो. आमचं घर डिंकावर चालत आलंय.

आपल्या बाजारात कतीरा म्हणून जे मिळतं त्यातला बराच माल झुडपाचा नाही, झाडाचा असतो. मुख्य झाड कांडोळ. कोणी कढई म्हणतं, काही गावांत भुत्या, व्यापारी कराया. उघड्या खडकाळ उतारावर वाढतं. साल पांढरी, गुळगुळीत, कागदासारखी सुटणारी. हिवाळा सरताना पानं गळली की उतारावर पांढरंफटक उभं दिसतं, रात्री चांदण्यात नवख्या माणसाला भुत्या नावाचं कारण लगेच कळतं. दुसरं झाड गणेर, त्याला सोनसावरही म्हणतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये एक पान नसतं आणि झाड पिवळ्याजर्द फुलांनी भरलेलं असतं. याचाही डिंक कतीरा म्हणूनच जातो. कुळानं पाहिलं तर या दोघांचा त्या इराणी झुडपाशी काही संबंध नाही. पाण्यात फुगायचा गुण मात्र सारखा, म्हणून जुन्या काळापासून हा माल ट्रॅगाकँथच्या जागी चालतो.

ओळखायचं कसं ते सांगतो. ट्रॅगाकँथ चांगल्या प्रतीचा असेल तर पातळ, वाकड्या पट्ट्या असतात, शिंगाच्या ढलप्यांसारख्या, आणि वास नसतो. कांडोळाचा डिंक ओबडधोबड खड्यांचा, कुठेतरी सालीचा कण चिकटलेला. डबा बंद ठेवून उघडला की व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. तो वास भेसळीचा नाही, त्या डिंकातच अ‍ॅसिटिक आम्ल बांधलेलं असतं आणि ते हळूहळू सुटतं. दमट हवेत जास्त येतो. भिजवल्यावर ट्रॅगाकँथ लापशीसारखा एकजीव होतो, कांडोळाचा दाणेदार राहतो. फालुद्यात तुम्हाला जे काचेच्या चुऱ्यासारखे फुगलेले तुकडे दिसतात ते बहुतेक आमच्याकडचे समजा.

भावात मोठा फरक आहे. पट्टीचा खरा ट्रॅगाकँथ बराच महाग. त्यामुळे पाव किलो स्वस्तात मिळालं आणि पाकिटावर 'इराणी' लिहिलं असेल तर हसून घ्या.

@गिरणामाई, डिंक जुना नाही आणि तूपही बरोबर आहे. लाडवाचा डिंक वेगळा, तो धावड्याचा किंवा बाभळीचा. तो पाण्यात विरघळतो आणि तुपात लाहीसारखा फुलतो. कतीरा पाण्यात फुगतो, तुपात फुलत नाही, दाताखाली खडा येतो. दुकानदाराला 'लाडवाचा धावडा' असं नाव घेऊन मागा.

---

गिरणामाई (चाळीसगाव)

अय्यो! म्हणजे इतकी वर्षं सासूबाई माझ्या कढईला दोष देत होत्या. हा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवते :)

---

निचरा (जळगाव)

कृषी पदवीधर आहे, सध्या ठिबक आणि माती परीक्षणाचं काम करतो. लागवडीपुरतं लिहितो.

जाहिरातीत 'कुठल्याही जमिनीत येते' असं असेल तर तिथंच थांबा. या मुळीची सगळी किंमत तिच्या सरळ, लांब, न फाटलेल्या सोटमुळात आहे. त्यासाठी खोल, भुसभुशीत, वाळूमिश्रित जमीन लागते आणि पाणी क्षणभर साचून चालत नाही. तापीकाठची आपली काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. फुगली की मूळकूज, भेगाळली की मूळ तुटणार. केळीला, कापसाला हीच माती सोन्यासारखी आहे, पण दोन-तीन वर्षं जमिनीत राहणाऱ्या सोटमुळाला नाही. सामूची (पीएचची) अडचण नाही, थोडी विम्लधर्मी (अल्कली) जमीन तिला चालते. अडचण निचऱ्याची आहे आणि त्याहून मोठी उन्हाची.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरली तर आपल्या थंडीत उगवेल, फेब्रुवारीपर्यंत छान दिसेल. त्याच वेळी फोटो काढून पुढच्या गावात दाखवतात. मग मार्च येतो. एका उन्हाळ्यातून रोपं वाचवली तरी लगेच जुलै-ऑगस्टची ओल, आणि हे चक्र दोन-तीनदा. शिवाय या झाडाला खरी कडाक्याची थंडी, विश्रांतीचा काळ लागतो. धुळ्यात एखाद्या रात्री पारा 5-6 वर उतरतो म्हणून तो मंगोलियाचा हिवाळा होत नाही.

कोणी म्हणेल मग तोरणमाळ. उंची 1100 मीटरच्या वर, उन्हाळा सुसह्य, उतारामुळे निचरा. कागदावर बरं वाटतं, पण तिथला पावसाळा आपल्या सपाटीपेक्षा कितीतरी जोराचा. हौशीखातर दोन वाफे लावायला माझी हरकत नाही. कर्ज काढून एकरभर लावायला आहे.

आता बियाणं. याचं कवच टणक असतं, पाणी आत शिरत नाही, म्हणून बी तसंच टाकलं तर बरंच उगवतच नाही. पॉलिश पेपरवर हलकं घासायचं, रात्रभर कोमट पाण्यात ठेवायचं, फुगलेलं तेवढं पेरायचं, बाकीचं पुन्हा घासायचं. खोली एक-दीड सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. 15 ते 25 अंशांत उगवण चांगली होते. रोप उपटून लावलं की सोटमूळ वाकडं होतं किंवा फाटे फुटतात, त्यामुळे जागेवरच पेरावं. घरी पाहायचं असेल तर नर्सरीची पिशवी विसरा, हातभर खोल पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा करा, त्यात वाळू, बारीक मुरूम आणि थोडं कुजलेलं शेणखत भरा.

मुळावरच्या गाठींचंही तसंच. या कुळातली बहुतेक झाडं आपापला जिवाणू ओळखतात. सोयाबीनचं रायझोबियम हरभऱ्याला लावून उपयोग नाही हे आपल्याला ठाऊक आहे. मिल्कव्हेचचे जिवाणू आपल्या मातीत असण्याचं कारण नाही. म्हणजे 'नत्र द्यावं लागत नाही' हाही दावा आपल्याकडे लागू पडेलच असं नाही.

शेवटचं आणि महत्त्वाचं. परदेशातून बियाणं आणायचं तर 2003 च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयात परवाना आणि पाठवणाऱ्या देशाचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. जाहिरातवाल्याकडे दोन्ही कागद मागा. 2020 मध्ये परदेशातून न मागवलेली बियाण्याची पाकिटं लोकांना टपालानं येऊ लागली होती, तेव्हा केंद्रानं राज्यांना सावध राहायला सांगितलं होतं, ते विसरू नका. नवं तण किंवा रोग एकदा शिवारात शिरला की तो बाहेर काढता येत नाही. गाजरगवत काढतोच आहोत आपण अजून.

---

हळदीकुंकू (भुसावळ)

बाकी ठीक आहे पण हुआंगछीला इतकंही नावं ठेवू नका. आमचे मामा ऑनलाइन मागवून तिच्या कॅप्सूल घेतात. शुगर कमी झाली, सर्दी-खोकला बंद, साठीत चाळिशीचा जोर आलाय. चिनी लोक दोन हजार वर्षं खातायत ते उगाच का?

---

काष्ठौषधी (धुळे)

आयुर्वेदाची प्रॅक्टिस करतो, म्हणून हळदीकुंकू यांना उत्तर देणं भाग आहे.

चीनमध्ये या मुळीचा वापर जुना आहे यात वाद नाही. शेननोंगच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन औषधी ग्रंथात ती आहे. थकवा, वारंवार होणारी सर्दी, फार घाम येणं, आजारानंतरचा अशक्तपणा यांसाठी तिथले वैद्य ती इतर द्रव्यांबरोबर काढ्यात देतात, कोंबडीच्या सूपमध्येही टाकतात. मुळीत बहुशर्करा, सॅपोनिन आणि फ्लॅव्होनॉइड आहेत. त्यातल्या अ‍ॅस्ट्रॅगॅलोसाइड नावाच्या घटकावर प्रयोगशाळेत पुष्कळ काम झालंय. माणसांवरचे अभ्यासही आहेत, पण त्यातले बरेचसे लहान आणि सैल बांधणीचे. 'रोग बरा होतो' असं छातीठोक सांगण्याजोगं त्यात काही नाही.

धोका कुठे आहे ते सांगतो. ही मुळी प्रतिकारशक्तीला चेतवते असं मानतात. मग ज्याची प्रतिकारशक्ती डॉक्टरांनी मुद्दाम दाबून ठेवली आहे, म्हणजे किडनी बदललेला रुग्ण, सायक्लोस्पोरिन किंवा सायक्लोफॉस्फामाइड चालू असलेला, संधिवाताभ किंवा ल्युपस अशा, प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटण्याच्या आजाराचा रुग्ण, त्यानं ही घेणं म्हणजे औषधाच्या उलट दिशेला गाडी ओढणं. गरोदर आणि स्तनदा बायकांनी घेऊ नये. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर साखर नि दाब अपेक्षेपेक्षा खाली जाऊ शकतो. मामांची शुगर खरंच उतरली असेल तर आनंद आहे, पण कॅप्सूलबद्दल त्यांच्या डॉक्टरांना माहीत आहे का, हा माझा प्रश्न. आमच्याकडे लोक येतात ते सगळं सांगतात, ऑनलाइन मागवलेली पुडी सोडून.

चरक-सुश्रुतात हुआंगछी नाही. तिच्या नावापुढे 'आयुर्वेदिक' लावून विकणाऱ्याला हे एकदा ऐकवा. बल्य म्हणून अश्वगंधा, शतावरी, गुळवेल आपल्याकडे आहेत, आणि त्याही वैद्याला विचारूनच.

कतीऱ्याबद्दल दोन शब्द. झाडाचा असो वा झुडपाचा, पोट साफ होणं आणि थंडावा वाटणं एवढ्याचसाठी घ्यावा. तो रक्तात शोषला जात नाही, आतड्यात पाणी धरून फुगतो. म्हणूनच कोरडा किंवा अर्धवट भिजलेला कधीही गिळू नये, घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकतो. आठ-दहा तास भरपूर पाण्यात भिजवा. लहान मुलांना अर्धा-एक चमचा जेली पुरे. आणि रोजची औषधं कतीऱ्याबरोबर घेऊ नका, जेलीत अडकून त्यांचं शोषण लांबतं. मध्ये दोनेक तास जाऊ द्या.

---

हळदीकुंकू (भुसावळ)

मामांना सांगते. ते ऐकतील असं वाटत नाही, तरी मामीच्या कानावर घालते.

---

गोठा (अमळनेर)

मूळ धाग्यात पाल्याचं काही लिहिलं नाही. शेंगवर्गातलं आहे म्हणजे जनावरांना चालेल की! मुळी नाही तर नाही, चारा म्हणून? लसूणघासाला पाणी फार लागतं आणि कोवळा खाल्ला की म्हशींना पोटफुगी.

---

निचरा (जळगाव)

@गोठा, इथे जपून. याच प्रजातीतल्या काही जातींनी अमेरिकेतल्या पशुपालकांना रडवलंय. तिकडे त्यांना लोकोवीड म्हणतात. त्या झाडात राहणारी एक बुरशी स्वेनसोनीन नावाचं विष तयार करते. गुरं आणि घोडे ते आठवडेच्या आठवडे खात राहिले की लडखडतात, बिथरतात, वजन घटतं, गाभडतात. वाईट म्हणजे एकदा खायची सवय लागली की जनावर तेच शोधत फिरतं. आणखी काही जाती जमिनीतलं सेलेनियम पानांत साठवतात, तेही विषारी. काहींत नायट्रोसंयुगं.

सगळ्याच वाईट असंही नाही. सायसर मिल्कव्हेच नावाची जात कॅनडा आणि अमेरिकेत मुद्दाम चाऱ्यासाठी लावतात, आणि तिच्यानं पोटफुगी होत नाही ही तिची मोठी जमेची बाजू. पण तीही थंड प्रदेशातली, पहिल्या वर्षी फारच सावकाश वाढणारी. पाकीट फोडून तीन हजारांतली नेमकी कोणती जात हातात आली हे अमळनेरात कोण ओळखणार? म्हशीच्या पुढ्यात टाकायचा धोका घेऊ नका. लसूणघास कापल्यावर थोडा सुकवून, कडब्याच्या कुट्टीत मिसळून द्या, पोटफुगी बरीच कमी होते.

---

भातखाचर (नवापूर)

आमच्याकडे भात असतो म्हणून ते चीन-जपानवालं हिरवळीचं खत वाचून कान टवकारले. ते कसं करतात?

---

तापीकाठ (रावेर)

वाचलं ते असं. शरद ऋतूत भात कापणीच्या सुमारास, बऱ्याचदा उभ्या भातातच बी फोकून देतात. हिवाळाभर ते हळू वाढतं, वसंतात सगळं खाचर गुलाबी-जांभळ्या फुलांनी भरतं. मधमाशा तुटून पडतात, त्या मधाला तिकडे चांगली मागणी आहे. मग पुढच्या लावणीआधी नांगरून गाडतात. जपानमध्ये रासायनिक खत स्वस्त झाल्यावर हा प्रकार मागे पडला, आता काही ठिकाणी फुलांच्या हौसेसाठी पेरतात.

---

निचरा (जळगाव)

नवापूरला भातानंतरच्या ओलीवर लोक हरभरा घेतात. तो विकला जातो, त्याची भाजी होते, डाळ होते आणि नत्रही थोडंफार जमिनीत राहतं. ती जागा फुलांसाठी कोण सोडेल? हिरवळीचं खतच हवं असेल तर पावसाच्या सुरुवातीला ताग. हेक्टरी 50-60 किलो बी, 45 ते 50 दिवसांनी फुलोऱ्यावर येताच गाडायचा. जमीन चोपण असेल तर धैंचा. बियाणं तालुक्यात मिळतं, जिवाणू मातीत आहेत, आणि फसलं तर पाचशे लोक सल्ला द्यायला हजर.

---

पांझरा (धुळे)

त्या पाचशेमध्ये मी पयला :)

---

एक_प्रश्न (नंदुरबार)

@सातपुडी, कांडोळाचा डिंक काढताना झाड मरतं असं ऐकलंय. मग कतीरा खाणं बंद करावं का?

---

सातपुडी (धडगाव)

मरतं, काढणारा घाईत असेल तर. जुनी वाईट पद्धत म्हणजे कुऱ्हाडीनं खोल घाव घालायचे, एकाच झाडावर चारी बाजूंनी, दरवर्षी. डिंक भरपूर येतो, दोन-तीन उन्हाळ्यांत झाडाला कीड लागते आणि एखाद्या वादळात ते आडवं होतं. आमच्या काही टेकड्यांवर आजोबांच्या वेळची झाडं यामुळेच संपली. मध्य प्रदेशासारख्या राज्यांना मध्यंतरी काढणीवर बंदी घालावी लागली ती उगाच नाही.

नीट काढायचं तर जाड बुंध्याचंच झाड निवडायचं, साल फक्त वरवर खरवडायची, आतल्या लाकडाला धक्का लावायचा नाही, जखमेच्या वर थोडी जागा सोडून पुढची खरवड, आणि झाडाला मध्ये वर्षभर विश्रांती. धारदार छोटं हत्यार लागतं, कुऱ्हाड नाही. उन्हाळ्यातला, पावसाआधीचा डिंक सगळ्यात स्वच्छ. पावसात भिजला की काळा पडतो आणि भाव निम्म्यावर.

म्हणून खाणं बंद करू नका, विचारून घ्या. कुठल्या गावचा, कोणी काढला. 2006 च्या वनहक्क कायद्यानं गौण वनउपजावर, म्हणजे डिंकासारख्या रानातल्या मालावर, ग्रामसभेचा हक्क मान्य झालाय, आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा तर 1996 चा. केंद्राच्या गौण वनउपजाच्या किमान आधारभूत किमतीच्या यादीतही कराया डिंक आहे. जिथं ग्रामसभा स्वतः गोळा करून विकते तिथं झाड जपायला लोकांकडे कारण असतं. जिथं व्यापारी उचल देऊन माणसं रानात पाठवतो तिथं ज्याला पहिला मिळेल तो ओरबाडून नेतो. फरक एवढाच आहे.

तुम्हाला शहरात नवल वाटेल, पण हा डिंक नुसता फालुद्यात जात नाही. दाताची कवळी बसवायच्या पावडरीत जातो, जुलाबाच्या औषधांत जातो, आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर पोटावर मलाची पिशवी चिकटवायला लागतो. फार पूर्वीपासून परदेशी जातोय. काढणाऱ्याच्या हातात त्यातलं काय येतं ते वेगळं सांगायला नको.

---

तापीकाठ (रावेर)

सगळ्यांचे आभार. चुलतभावाला काल पूर्ण धागा वाचून दाखवला. पांझरा यांनी सांगितलेला प्रश्न त्यानं त्या जाहिरातवाल्याला फोनवर विचारला. 'मागच्या वर्षीच्या शेतकऱ्याचं गाव सांगा' म्हटल्यावर समोरून 'साहेब मीटिंगमध्ये आहेत'. आयात परवान्याचं नाव काढल्यावर फोनच कट.

तो आता अश्वगंधा बघतोय. आमच्या बरड तुकड्यात येऊ शकते आणि मध्य प्रदेशातल्या नीमच मंडीत तिचा रोजचा भाव उघड असतो, गाडीनं एका दिवसात पोचता येतं. पालच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून मगच ठरवू म्हणालाय.

मला मात्र एक खाज राहिलीय. निचरा यांनी सांगितलेला पाइपचा प्रयोग मी करणार, देशातच कायदेशीर मार्गानं मूठभर बी मिळालं तर. आणि सातपुडी, आमच्या शेताच्या उत्तरेला डोंगरालगत दोन एकर नुसता खडक आहे, तिथं तुरीलाही दम लागतो. कांडोळ लावता येईल का? बी कुठे, कधी मिळेल?

---

सातपुडी (धडगाव)

खडक असेल तर कांडोळालाच जागा आहे ती. फळं एप्रिल-मेमध्ये पिकतात, तांबूस, पाच फाट्यांची, मखमली दिसतात. मखमल बघून हात लावू नका. त्यावरची बारीक लव कातडीत घुसते आणि आग होते, डोळ्यात गेली तर विचारू नका. चिमट्यानं किंवा जाड हातमोज्यानं तोडा, गोणपाटात घालून चोळा, मग काळ्या बिया वेचा. आमच्याकडे त्या भाजून खातात, तुम्ही लावायला ठेवा.

बी ताजंच पेरायचं, पुढच्या वर्षासाठी ठेवलं तर उगवण घटते. मेच्या अखेरीला पिशवीत टाका, पहिला पाऊस बसला की खडकाच्या फटीत, मूठभर माती असेल तिथं लावा. पाणी द्यायची सवय लावू नका. शेळ्यांपासून मात्र पहिली काही वर्षं काटेरी कुंपण हवंच, कोवळा शेंडा त्या सोडत नाहीत. डिंकाची घाई करू नका, बुंधा दोन हातांच्या कवेत मावेनासा होईपर्यंत सालीला हात लावायचा नाही.

बियांसाठी मेच्या दुसऱ्या आठवड्यात व्यनि (खासगी निरोप) करा. शहाद्याच्या बाजारच्या दिवशी माणूस पाठवतो, पाव किलो देईन. पैसे नकोत, तुमच्याकडची भरिताची वांगी पाठवा.